साडेनऊ इंचाच्या पाच पट्ट्या

गेल्या एप्रिलमध्ये मी घरात पुस्तकांचं शेल्फ बनवलं. सहा फूट उंच, सहा खणांचं, आणि सुतार बोलवला नाही, मीच केलं. तेव्हापासून घरी येणारी प्रत्येक मैत्रीण विचारते की कसं केलंस, मला पण सांग, तर प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढते, लांबलं तर लांबलं.

आधीचं कपाट कसं गेलं ते आधी सांगते कारण सगळं तिथनंच सुरू होतंय. ऑगस्ट २०१९ ला आम्ही शाहूपुरीत तळमजल्यावर राहत होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोराला पण पाठ असतंय, आणि दर पावसाळ्यात आम्ही ते आकडे बघत बघतच जेवतो. पण त्या साली पाणी बघता बघता गल्लीत आलं, आम्ही कागदपत्रं, लेकीचं दप्तर आणि सासऱ्यांची औषधं घेऊन पाहुण्यांकडं गेलो आणि पुस्तकं राहिली. परत येऊन दार उघडलं तेव्हा तो वास... तो अजून नाकातनं गेलेला नाही. कपाट रेडिमेड होतं, पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेल्या फळ्या. पाणी लागल्यावर त्या इतक्या फुगल्या की स्क्रू आपोआप बाहेर आले आणि खालचे दोन खण पुस्तकांसकट बसले. त्या दोन खणात माझे वडील कॉलेजला असल्यापासून जमवत आलेले दिवाळी अंक होते. त्यातला एकही पुरातनं वाचला नाही. मी दोन दिवस गच्चीवर पानं सोडवत बसले होते, चकचकीत कागद एकदा भिजून वाळला की एकमेकाला चिकटून पाटीसारखा होतोय, तो सुटत नाही, सोडवायला गेलं की अक्षरं पण उचलून येतात.

वरच्या खणातली वाचली ती पोत्यात भरली. मग आम्ही कळंबा रोडला दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो आणि पोती लॉफ्टवर चढली ती तिथंच राहिली, वर्षानुवर्षं. मला ते फार लागायचं. मी लहानपणी करवीर नगर वाचन मंदिराची पुस्तकं वाचून मोठी झालेली, १८५० सालची ती लायब्ररी, तिथं पुस्तक हाताला लागेल असं समोर मांडलेलं असायचं, आणि माझ्याच घरात माझीच पुस्तकं पोत्यात. नवरा म्हणायचा नवीन कपाट घेऊया की. पण दुकानात जाऊन बघितलं तर पुन्हा तेच, तीन फूट रुंद फळी, फूटभर खोल खण, आणि हात लावला की कळतंय आत भुसा आहे.

आता सासऱ्यांचं. मी त्यांना मामा म्हणते. मामा पॅटर्नमेकर होते, उद्यमनगरात, तीसेक वर्षं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत साचा करायला लागतोय, आणि तो साचा उठवायला त्या पार्टसारखाच एक लाकडी नमुना लागतोय, तो पॅटर्न. कोल्हापूरची ऑइल इंजिनं, पंप, जगभर जाणारी कास्टिंग्ज, या सगळ्याच्या आधी कुणीतरी एका लाकडावर पटाशी घेऊन बसलेलं असतंय. मामा त्यातले. आता त्यांच्या हाताला कंप आहे, करवत सरळ धरता येत नाही, पण डोळा तसाच आहे. भिंतीवरचा फोटो एक सूत तिरका असला तरी जेवताना सांगतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारकामात सगळं सुतात चालतं, मिलिमीटर फक्त प्लायच्या जाडीला.

मी त्यांना म्हटलं, मामा, मी शेल्फ करते, तुम्ही नुसतं सांगा. ते म्हणाले, "आधी पुस्तकं मोज. लाकडाचं मागनं बघू."

मला वाटलेलं ते डिझाईन काढतील, पण नाही, पोती खाली काढायला लावली आणि टेप हातात दिली. आणि हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपली बहुतेक मराठी पुस्तकं डेमी आकाराची असतात, साधारण साडेआठ इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद. दिवाळी अंक साडेनऊ उंच, सात रुंद. शब्दकोश, नकाशे, चित्रांची पुस्तकं बारा इंचापर्यंत. म्हणजे साडेपाच इंचाच्या पुस्तकाला फूटभर खोल खण कशाला पाहिजे? मागं सहा इंच जागा उरते, तिथं आपण दुसरी रांग लावतो, आणि मागच्या रांगेतलं पुस्तक आपल्याकडं आहे हेच विसरतो. तसंच उंचीचं. सव्वा फुटाच्या खणात डेमी पुस्तक ठेवलं की वर मोकळी जागा राहते आणि तिथं आडवी पुस्तकं कोंबली जातात.

मग वजन. वजनकाट्यावर आधी मी रिकामी उभी राहिले आणि मग एक फूट रांग भरतील एवढी पुस्तकं हातात घेऊन. डेमी पुस्तकं एक फूट म्हणजे साडेसहा किलो भरली, दिवाळी अंक एक फूट म्हणजे अकरा. जाहिरातींची जाड गुळगुळीत पानं असतात ना त्यात. हे आकडे मी वहीत लिहिले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की जुन्या कपाटाची फळी पुराच्या आधीच मधनं वाकलेली का होती. तीन फुटी फळी आणि त्यावर तीस-बत्तीस किलो दिवाळी अंक, रोज, रात्रंदिवस.

फळी वाकण्याचा हिशोब मी माझ्या इंजिनिअर भावाकडनं समजून घेतला. फळीवर पुस्तकं सगळीकडं सारखी भरलेली असतील तर वाक हा लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. म्हणजे लांबी दुप्पट केली तर वाक सोळा पट! आणि जाडीचा उपयोग तिसऱ्या घातानं होतो, १८ मिमीच्या जागी २५ मिमी घेतलं तर वाक निम्म्याहून बराच कमी. पण जाड फळी महाग, जड, त्यापेक्षा लांबीच कमी करायची, तीन फुटाच्या जागी अडीच फूट केलं की वाक तिथंच निम्म्यावर येतो. म्हणून अडीच फूट ठरलं. ३० इंच.

लाकडाबद्दल बरीच चर्चा झाली. मला पॅकिंगच्या पाइनचं आकर्षण होतं, एमआयडीसीत मशीनं ज्या पॅलेटवर येतात ते लाकूड भंगारवाल्याकडं स्वस्तात मिळतं आणि दिसतं पण छान. घेणार असाल तर त्यावरचा शिक्का बघा, परदेशातनं आलेल्या पॅलेटवर एचटी असेल तर ते लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घरात नको. मामांचं म्हणणं असं की पॅलेटच्या फळ्या खिळे मारून फाटलेल्या असतात, रंधून रंधून पहिल्याच कामात जीव जाईल. सागवान परवडणारं नव्हतं. शेवटी प्लाय, १८ मिमी, आठ बाय चार फुटाची एकच शीट.

प्लाय घेताना एक गोष्ट मात्र नक्की बघा. एमआर लिहिलेला प्लाय दमट हवा सोसतो, पाणी नाही. बीडब्ल्यूपी, ज्यावर आयएस ७१० छापलेलं असतं, त्यातला डिंक वेगळा असतो, फिनॉलचा, आणि त्याची चाचणी उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवून घेतात. दुकानदार म्हणाला ताई, पुस्तकालाच पाहिजे ना, एमआर घ्या, बास होतंय. मी बीडब्ल्यूपीच घेतला. दुसऱ्या मजल्यावर पूर येणार नाही मला माहीत आहे, तरी घेतला.

आता शीट कापायचं गणित, यात मामांना इतका आनंद झाला की काय सांगू. शीटची रुंदी ४८ इंच. खणाची खोली साडेनऊ ठेवली तर पाच पट्ट्या म्हणजे साडेसत्तेचाळीस. उरला अर्धा इंच. मी म्हटलं अर्धा इंच वाया. मामा म्हणाले, "वाया कुठला, पात्याला काय देणार?" मशीनचं पातं प्रत्येक कापाला जवळजवळ एक सूत लाकूड खातं. पाच पट्ट्यांना चार काप, चार सूत, म्हणजे बरोबर अर्धा इंच. शीट एका इंचानंही उरली नाही आणि कमीही पडली नाही. हे लांब काप घरी करायच्या भानगडीत पडू नका, शीट तीस किलोच्या वर भरते आणि आठ फूट सरळ काप हातकरवतीनं नवशिक्याला जमत नाही, प्लायवाल्याकडं मशीनवर पाच मिनिटात होतं. काप आठ फुटाच्या दिशेनंच घ्या म्हणजे वरच्या थराचे रेषे फळीच्या लांबीत येतात, फळी तशी कमी वाकते. मग पाचही पट्ट्या रिक्षातनं बाहेर डोकावत घरी आल्या.

दोन पट्ट्या सहा-सहा फुटाला कापल्या, त्या दोन बाजू. उरलेल्या तीन पट्ट्यांतनं प्रत्येकी तीन अशा ३० इंची नऊ फळ्या निघतात, लागणार होत्या सात. हे आडवे काप मी गॅलरीत स्टुलावर पट्टी ठेवून हातकरवतीनं केले. काप जिथं घ्यायचा तिथं आधी सुरीनं खोल रेघ मारायची, मग प्लायचा वरचा थर फाटत नाही, ओरखडा उठत नाही, नुसत्या पेन्सिलच्या रेघेवर कापलं की कड कुरतडल्यासारखी होते.

आणि इथं घोळ झाला. पहिल्या चार फळ्या टेपनं मोजून कापल्या. पाचव्या वेळी टेप लेकीनं कुठंतरी नेलेली, म्हणून मी मामांच्या ट्रंकेतली स्टीलची पट्टी घेतली, दोन फुटी, जुनी, आकडे झिजलेले, पण सरळ. दोन फूट मोजले, पुढं सहा इंच मोजले, रेघ मारली, कापलं. सहावी पण तशीच. मग सगळ्या फळ्या एकावर एक ठेवून बघते तर या दोन लांब. थोड्याथोडक्या नाही, अडीच सूत, आणि दोन्ही अगदी सारख्याच लांब. मला काही समजेना. पुन्हा पट्टीनं मोजलं, बरोबर ३०. टेपनं मोजलं, जास्त.

मामा आत झोपलेले, उठून आले, पट्टी हातात घेतली आणि बराच वेळ नुसते तिच्यावरनं अंगठा फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "पोरी, ही पट्टी बिडाची हाय. लाकडाची न्हवं."

तर गोष्ट अशी. बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते वितळलेलं असताना साच्यात ओततात आणि थंड होताना ते आकसतं, फुटाला साधारण एक सूत. म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा तेवढा मोठा करायला लागतो. आता प्रत्येक मापाला हिशोब करत बसलं तर चूक होणार, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते, तिच्यावर फूट लिहिलेला असतो पण तो फूट मुळात एक सुतानं लांब असतो. ड्रॉइंगवर जे माप आहे तेच या पट्टीनं घ्यायचं, आकसण्याची बेरीज पट्टीतच आलेली. अडीच फुटाला अडीच सूत, बरोबर तेवढंच माझं चुकलेलं. ओतायच्या प्रत्येक धातूची पट्टी वेगळी, ॲल्युमिनियमची वेगळी, स्टीलची वेगळी, आणि मामांनी सगळ्या नोकरीभर या लांब फुटांनी मोजलंय. मी त्या घरात इतकी वर्षं राहते, जेवणं वाढते, दवाखान्यात नेते, आणि हा माणूस नेमकं काय करत होता ते मला त्या दिवशी गॅलरीत भुशात बसून कळलं. संध्याकाळी ते दोन तास बोलत होते. पंपाच्या पॅटर्नबद्दल, साच्यातनं पॅटर्न वाळू न मोडता वर निघावा म्हणून बाजूंना किती बारीक ढाळ द्यायला लागतो त्याबद्दल. नवरा पण बसला ऐकत, त्यालाही हे सगळं माहीत नव्हतं.

लांब झालेल्या फळ्या अर्थातच पुन्हा कापल्या, लांब असलेलं बरं, आखूड झालं असतं तर काही इलाज नव्हता.

जोडणीत मी मुद्दाम अवघड काही केलं नाही. प्लायच्या कडेत सरळ स्क्रू मारला तर थर उघडतात आणि स्क्रूची पकड फार नसते, म्हणून सगळं वजन स्क्रूवर टाकायचंच नाही. दोन्ही बाजूंना आतनं प्रत्येक फळीखाली एक इंच चौकोनी सागवानी पट्टी लावली, फेविकॉल आणि तीन-तीन स्क्रू, आणि फळी त्या पट्टीवर बसते. वरची, खालची आणि मधली अशा तीन फळ्या बाहेरनं पण पन्नास मिमीच्या स्क्रूनी पक्क्या केल्या म्हणजे चौकट धरून राहते, बाकी चार नुसत्या ठेवलेल्या, त्या अर्ध्या सुतानं कमी केल्या म्हणजे सहज सरकतात. स्क्रूच्या आधी तीन मिमीचं भोक पाडायचं, तसाच घुसवला की प्लाय चिरतो. दोन्ही बाजू शेजारी शेजारी जमिनीवर ठेवून एकदमच रेघा मारल्या, हे मामांचं सांगणं, वेगवेगळ्या मोजल्या असत्या तर फळ्या तिरक्या बसल्या असत्या. खालनं चार इंच सोडून पहिली फळी, फरशी पुसताना पाणी लागू नये म्हणून. मग १३ इंचाचा खण कोशांना, त्यावर ११ चा दिवाळी अंकांना, आणि वर पावणेदहाचे चार, डेमीचे. सात फळ्यांची जाडी धरून बेरीज बरोबर सहा फूट येते, करून बघा.

पाठीला सहा मिमीचा प्लाय. काहीजण पाठ लावत नाहीत, भिंत आहे की मागं, म्हणतात. पण पाठ नसेल तर चौकट बाजूला ढकलली की पत्त्याच्या घरासारखी कलते, पाठ लागली की हलत नाही. पाठीला खिळे मारायच्या आधी दोन्ही कर्ण मोजा, या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापर्यंत. सारखे आले तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. माझे तीन सुतांनी वेगळे आले, लांब कर्णाच्या बाजूनं दाबलं, पुन्हा मोजलं, सारखे झाल्यावर खिळे.

कडांना सागवानी पट्टी लावली, आणि तिला रंधा मामांनी मारला. मी शेल्फ धरून उभी होते. रंधा दोन्ही हातांनी लाकडावर दाबलेला असतो तेव्हा हात थरथरत नाही, हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं, कारण एक हात मारून ते थांबले, माझ्याकडं बघितलं आणि मग पूर्ण सहा फूट एका दमात काढलं. छिलका अखंड निघाला, तो लेकीनं वहीत ठेवलाय.

पॉलिशला चपडा लाख, स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, मग कापडाच्या बोळ्यानं पातळ पातळ पाच हात. पॅटर्नला पण लाखच मारायचे, ओल्या वाळूतली ओल लाकडात जाऊ नये म्हणून. कुणी बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, लावणार असाल तर एक काळजी घ्या, तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, दोरीवर मोकळी वाळत घालायची.

भरलेलं शेल्फ माझ्या हिशोबानं सव्वाशे किलोच्या वर जातं. घरात पोरं असतील तर वरच्या बाजूला दोन एल-क्लॅम्प आणि भिंतीत गट्टी, यात आळस नको, पोरं फळ्यांवर पाय देऊन चढतातच. भिंतीपासनं एक इंच अंतर ठेवलंय आणि भिंत बाहेरची नाही, आतली निवडली, आपल्याकडं जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतींना ओल सुटते. पुस्तकं पण फळीच्या पुढच्या कडेला ओढून लावलीत, मागं हवा खेळती राहते. कसर लागते ती ओल आणि बांधणीतल्या खळीमुळं, त्यामुळं महिन्यातनं एकदा पुस्तकं हलवते आणि झटकते.

जुलैत भरपूर पाऊस झाल्यावर मी सगळ्या फळ्यांना एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून बघितला. डेमीच्या खणांना काही नाही. दिवाळी अंकांची फळी मधनं किंचित खाली, अर्ध्या सुताला कमी. मी जरा खट्टू झाले. मामांना सांगितलं तर त्यांनी स्वतः वाकून दोरा बघितला आणि म्हणाले, नुसतीच ठेवलेली फळी हाय ती, नवे अंक आले की समदं काढशीलच, तवा उलटी टाक.

तेव्हा आता दर दिवाळीला फळी उलटायची. यंदाचे अंक धरून त्या खणात दोन फूट झालेत, आणि वडिलांकडचे गेलेले काही जुने अंक मी रद्दीवाल्यांकडं शोधतेय, अजून अर्धा फूट जागा आहे.